दहा मिनिटं कंसाशिवाय

तळ्यावर असं धुकं असलं की जिनिव्हाची बोट उशिरा येते. धक्क्यावर माझ्या शेजारच्या बाकावर तिथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या दोघी टायपिस्ट बसल्या होत्या.

"सोलांज, आज दुपारीच सुटलीस?"

"घरी पाठवलं मला. माझ्याकडून कंस राहिले."

"कसले कंस?"

"अगं, आक्रमण कशाला म्हणायचं, त्या मसुद्यातले. 'जो पहिला हल्ला करील तो आक्रमक.' त्यातला 'पहिला' एका देशाला मान्य नाही, म्हणून ठरेपर्यंत तो शब्द कंसात; सहा वर्षं मी तसाच टाइप करतेय. आज सकाळी बाहेर धुकं बघत बसले आणि वाक्य नुसतंच टाइप झालं."

"आणि तशाच प्रती वाटल्या?"

"वाटल्या ना! सगळे वाचत बसले. कुणी हूं की चूं केलं नाही. दहा मिनिटं, व्हेरेना! खिडकीबाहेर तळंसुद्धा हलत नव्हतं. मला वाटलं, ठरलं बाई एकदाचं."

"आणि त्या देशाचा तो म्हातारा वकील? दर वेळी हरकत घेतो तो? आला नव्हता?"

"समोरच होता. कागद हातात, नजर तळ्याकडे. मग कॉफी आली, कप वाजले, आणि त्याने हात वर केला."

"मेला!"

"असं नको गं म्हणूस. वरून हुकूम असतो त्याला. बाहेर पडताना माझ्या टेबलापाशी थांबला."

"ओरडला?"

"छे. हळूच म्हणाला, 'माफ करा, मादाम. जमेल तितकं सावकाश वाचलं मी.'"