उजवीकडे वळलेली चोच

मुलगी : बाबा, सांभाळून! ते कागद ओले आहेत. नुसतं बघायला आलात ना? मग हात नका लावू.

बाबा : बघतोच आहे. चोच डावीकडे वळलीय.

मुलगी : काय?

बाबा : ह्या पक्ष्याची चोच उजवीकडे वाकडी असते. एकूण एक पक्ष्याची. नदीतल्या गोट्यांखालचे किडे तो त्याच बाजूने काढतो. तू ज्यावरून काढलंस ते हे माझं चित्र बघ, उजवीकडे. आणि हा तुझा छाप.

छपाईवाला : अहो, छपाईच्या दगडावर काढलेलं कागदावर उलटंच उमटणार. खालचं ताईंचं नाव मी मुद्दाम उलटं लिहिलं. ताई, चित्र उलटं नव्हतं काढलं?

मुलगी : त्यात अख्खा दिवस जातो हो! चिमणी, बदक, सगळी सरळच उतरवली. पक्षी इकडे बघतो की तिकडे, कोण विचारतंय?

बाबा : चिमणीची चोच सरळ असते, बाई.

मुलगी : अरे देवा! उद्या सकाळी ही चित्रं दोनशे शाळांत जायचीयत. पहिल्यांदा माझं नाव छापलंय, बाबा!

छपाईवाला : साठ निघालेत. दगड घासला की चित्र गेलं, पुन्हा श्रीगणेशा. जाऊ द्या की तसंच. पोरांना काय कळतंय?

मुलगी : (बाबांकडे न बघता) जाऊ दे ना, बाबा?

बाबा : माझं एकेक चित्र दोन-दोन महिने चालायचं. मग कुणा श्रीमंताच्या कपाटात. चुकलं असतं तरी कपाटातच राहिलं असतं. तुझं दोनशे भिंतींवर लागणार.

मुलगी : मग इतके दिवस ‘स्वस्तातला बाजार’ म्हणून नाक का मुरडत होतात?

बाबा : जळत होतो, म्हणून.

मुलगी : भाऊ, दगड घासायला घ्या.

छपाईवाला : आणि उद्याचं?

मुलगी : दोन दिवस उशीर होईल म्हणून कळवते. बोलणी मी खाईन. पण बाबा, तुमचं चित्र उलटं दिसायला आरसा लागेल. तो धरून बसणार कोण?

बाबा : आण इकडे.

मुलगी : हात कापतो म्हणून दोन वर्षं ब्रशला शिवला नाहीत तुम्ही.

बाबा : कोपरं टेबलावर टेकवली की आरसा नाही हलत. तू काढ.