टाकीचं झाकण

गॅरेजच्या बाकावर स्कूटर दुरुस्त व्हायची वाट पाहत आजी बसल्या होत्या. समोर एका जुन्या मोटारसायकलवरून बहीणभावाची जुंपली होती.

“ताई, कार्बोरेटर दोनदा साफ करून झाला. आता तरी विक बाबांची गाडी.”

“नाही विकणार. रोज कामावर जाताना बंद पडते आणि पेट्रोल बघायला झाकण उघडलं की सुरू होते. असं का?”

“तुझ्या हाताला गुण आहे!”

“थट्टा पुरे. उघडताना सूं करून हवा आत ओढली जाते. मिस्त्री, झाकणाला हवेचं भोक असतं ना?”

“असतं की. बघू... अहो, हे भोक कुणी पुट्टी भरून बुजवलंय?”

“मी. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून.”

“शहाणाच आहेस! हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल खाली उतरेल कसं? मिस्त्री, मोकळं करा ते.”

“पण ताई, संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. मी शब्द दिलाय.”

“शब्द तुझा, गाडी माझी. बस मागे. त्याच्या घरी याच गाडीवरून जाऊ, आणि ‘नाही’ तू सांगायचंस.”

मिस्त्रींनी तारेने भोक मोकळं केलं, बहिणीने गाडी सुरू केली आणि भाऊ मागे बसला. आजींनी वाट द्यायला पाय आत घेतले.