हैबतरावानं न्हेलेला होन

न्हाई न्हाई, उटू नका सायेब, बसा त्या घोंगडीवर — पौडापासनं पायी आलायसा, जरा दम खावा, पानी घ्या. मालक न्हाईत घरात. म्हंजी — न्हाईतच. वाटंत तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय? तुमी पुन्याचं नान्यांचं जानकार न्हवं का, ज्येंच्याकडं जयसिंग म्हनून एकजन नान्याचा ठसा कागदाव घिऊन आलं हुतं, आन तुमी म्हनालासा, मी सवता येऊन बगतो? व्हय, त्येच माझं मालक. मी गोजराबाई. वारलं त्ये. वारलं कशाचं, मारलं त्येंना — आन नानं न्हेलं हैबतराव पाटलानं. असं मी पौडाला फौजदारापुढं अंगठा लावून सांगितलंय, कोर्टातबी त्येच सांगनार. तवा तुमची खेप वाया गेली म्हना.

कसं घावलं म्हनता? त्येंनी न्हाई सांगितलं तुमाला? कमीच बोलायचं. मालक लढाईत हुतं, पार समुद्रापल्याड. पलटनीत त्येंचं काम काय, तर जमिनीत पुरलेलं सुरुंग हुडकायचं — लांब काठीला खाली ताटली बांधल्यावानी यंत्र असतंय, कानाला दोन वाट्या लावायच्या, खाली धातू आला की कानात रातकिडा वरडल्यावानी वाजतंय. संगतीची पोरं डोळ्यादेखत उडाली त्येंची. एकाचा निस्ता बूट उरला, म्हनायचं, आन बुटात पाय. घरी आल्याव लई दिस पायाखाली बगूनच चालायचं, अंगनातसुदिक. मंग एकदा पुन्याच्या जुन्या बाजारातनं तसलंच यंत्र उचलून आनलं, लश्करानं भंगारात काढल्यालं, आन बसून बसून दुरुस्त केलं. मी म्हनलं, आता ह्ये कशाला घरात? तर म्हनालं, आवाज बंद झाल्यापास्नं मला भ्या वाटतंय, गोजरा. आवाज असला की कळतंय तरी, कुटं पाय ठिवायचा न्हाई.

आमचं जुनं गाव धरनाच्या पान्यात हाय. उन्हाळ्यात पानी उतरलं की वर येतंय — घरांची जोती, उखळं, देवळाच्या पायऱ्या, समदं चिखलानं माखल्यालं. मालक तितं यंत्र घिऊन हिंडायचं. काय घावायचं? नांगराचा फाळ, बैलाच्या खुराच्या पत्र्या, कुनाच्या जोडव्याचा तुकडा. ज्येचं त्येला न्हेऊन द्यायचं. लोक हसायची, म्हनायची, जयसिंगाचं डोकं लढाईतच ऱ्हायलं. आन एक दिस मी भाकरी घिऊन उतरले, तर मालक एका जोत्याजवळ पालथं पडल्यालं, संगिनीचं टोक तिरपं खुपसत, फुकर मारत, हातानं माती सारत — सुरुंग काढत्यात तसंच, अगदी तसंच. मला म्हनालं, ‘पुढं येऊ नगंस.’ मी हुते तितं थिजले. मंग त्येंनी चिमटीत काय तरी धरून वर केलं. नखायेवढं. चिखल पुसला तर पिवळंधमक, आन वर अक्षरं.

पौडाच्या सोनाराला दावलं. त्यानं कसोटीवर घासलं, सोनं चोख हाय म्हनाला, आन — वितळवून मनी करून देतो, म्हनाला. अक्षरांचं त्याला काय? मालकांनी तसंच उचलून माघारी आनलं. चांदीच्या कागदाव ठसा घासला आन तुमच्याकडं आलं. तुमी त्येंना सांगितलं की ह्यो होन हाय, राजांच्या टायमाचा, अस्सल निगाला तर ह्येला मोल न्हाई, असलं कुनी बगितलंबी नसंल फारसं. आठवतंय न्हवं? तुमी सांगून इसरला असाल सायेब, पर त्या दिशी माझा मानूस लढाईवरनं आल्याला पैल्यांदाच मान वर करून चालत घरी आला. मला जवळ बशिवलं आन बोटानं एक एक अक्षर गिरवून दावलं. मला कुटं वाचाया येतंय — पर ती अक्षरं मला येत्यात. अजून येत्यात.

सोनाराच्या ओट्यावर बोलल्यालं ऱ्हातंय व्हय? हैबतरावाच्या कानाव गेलं. गावचा पाटील. जोतं त्याच्या आज्याच्या वाड्याचं म्हनं, तवा सोनं त्याचं. धरन झालं तवा त्याच जोत्याचं पैकं मोजून घेतल्यालं त्याच्या बानं — पर ते कोन बोलनार? पैल्यांदा गोड बोलाया आला, हितंच बसला हुता, तुमी बसलायसा तितं. मालक म्हनालं, पुन्यास्नं जानकार येनार हायेत, त्येंनी बगितलं की नानं सरकारात जमा करनार, ह्ये तुमचंबी न्हाई आन माझंबी न्हाई. हैबतराव हसला. उटून गेला.

दोन दिसांनी — भर उनाचं, मी भाकरी घिऊन उतारावर, आन मालक खाली यंत्र चालवत्यात, कानाला वाट्या, त्येंना काय आयकू येतंय? मला दिसलं. हैबतराव आन त्याचं दोन पुतनं वरनं उतरत्यात. मी वरडले. सारखी वरडले. कानाला वाट्या, सायेब! त्येंनी मान वळवली तवर ती अंगाव आल्याली. मालकांनी कनवटीचं नानं काढलं आन तोंडात टाकलं. हैबतरावानं ते बगितलं. थुक म्हनाला. मालकांनी दात आवळलं. एका पुतन्यानं पाय धरलं, दुसरा छाताडाव बसला, आन हैबतराव संगिनीची मूठ घिऊन त्येंच्या दातांव — त्यो आवाज मी आयकलाय. सुकी शेंग फोडल्यावानी. मी पळत येत हुते, पडत हुते, उटत हुते. जबडा उघडला तर तोंडात रगत न्हाई तर दात, नानं कुटं? गिळल्यालं. मंग त्यानं मालकांचीच पहार उचलली. म्हनाला, ‘वरनं येत न्हाई तर पोटातनं काढू.’ टोकानं न्हाई मारली, बुडख्यानं मारली. पोटाव. परत मारली. मी दगड घिऊन त्या छाताडाव बसल्याल्याच्या कपाळात घातला, त्यो आडवा झाला — त्येचा एक डोळा गेलाय आता, मला त्याचं काय वाटत न्हाई, जायचाच हुता — तवा हैबतरावानं पहार माझ्यावर उगारली, बगा, ह्यो दंड अजून वर हुत न्हाई. मंग रगताळल्याल्या पुतन्याला उचलून न्हेलं, जाताना यंत्राचा चुरा केला.

चार जनांनी झोळी करून मालकांना वर आनलं. रगत वकत हुतं. तोंड फुटल्यालं, बोलता येईना. माझ्या तळव्याव बोटानं अक्षरं काढत हुतं, तीच, नान्यावरची. तिसऱ्या दिशी सकाळी गेलं. आन पाटील कोन? हैबतराव. त्यानंच गाव गोळा केलं, त्यानंच सांगितलं की जयसिंग देवळाच्या पायऱ्यांवरनं घसरला, डोक्यानं हलका हुताच. लाकडं त्यानं घातली. मढं दवाखान्यात न्यायचं न्हाई, फौजदाराला कळवायचं न्हाई — वर्दी द्यायचं काम त्याचंच न्हवं का! अग्नी देऊन मोकळा झाला. कोन बोललं? कुनीबी न्हाई. मला जावेनं पदर धरून खाली बशिवलं.

मंग मी पौडाला गेले. चालत. फौजदार म्हनाला, बाई, मढं जळालं, तुझ्याबिगर साक्षीदार न्हाई, मी काय करू? मी म्हनलं, माझ्या नवऱ्याचं सोन्याचं नानं न्हेलंय त्यानं. तवा त्येनं मान वर केली. मानसाला मारलं त्याचं काय न्हाई, सोनं न्हेलं म्हनल्याव उटला. सोनारानं सांगितलं, व्हय, नानं मी डोळ्यांनी बगितलंय. हैबतरावाच्या घराची झडती झाली. बायकोच्या गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या घावल्या, ह्ये न्हाई घावलं — पर सोनारानं बगितल्यालं नानं गेलं कुटं, ह्येचा जबाब त्याला देता येईना. आता तिघंबी पुन्याला कोठडीत. एक पुतन्या बोलाया लागलाय म्हनं. बोलंल. डोळा गेल्याला न्हाई, दुसरा.

काय म्हनता? अस्सल हुतं का नकली, ह्ये आता कसं कळायचं? अस्सलच हुतं, सायेब. एका अंगाला तीन वळी हुत्या — श्री, राजा, शिव. खाचा अशा खोल की बोट फिरवलं की कळतंय. दुसऱ्या अंगाला छत्र-पती, पर ती बाजू आता पुसट झालीया, जाळानं जरा पसर—

काय? न्हाई, काय न्हाई म्हनले मी.

असं बगू नका. — बरं. आयकलंय तर आयका समदं. आमच्यात राख सावडाया बायका जात न्हाईत. मी गेले. कुनाला इचारलं न्हाई. हाडं येचताना हाताला लागलं, वाटलं दात हाय त्येंचा. दिरानं बगू नये म्हनून चटकन तोंडात टाकलं. अजून गरम हुतं. त्येंच्या पोटातलं माझ्या तोंडात — आन तसंच गालात धरून मी पौडाला गेले, नानं गालात हुतं आन मी फौजदाराला सांगत हुते, त्यानं न्हेलं. झाली का खोटी साक्ष? झाली. पर मारलं ते खोटं हाय व्हय?

ह्ये घ्या. उजेडात धरा. त्येंची लई आस हुती तुमी बगावं म्हनून, तेवढी तरी फिटू दे. काय हाय? होनच हाय न्हवं? — तुमी भिंग काढून परत परत बगताय. म्हंजी हाय.

म्हंजी मालक येडं न्हवतं.

झालं, द्या आता. पैकं नगं, पाकीट ठिवा आत. संग्रहालयात न्हेतो म्हनता, कुनाला नाव सांगनार न्हाई म्हनता — खटल्याचा निकाल लागंपातूर ह्ये नानं हैबतरावाकडंच हाय, सायेब. तुमी ते बगितलं न्हाई. कुनीच न्हाई बगितलं. द्या. कुटं निगालासा? दारात मी हाय. मूठ उघडा. शिकल्याली मानसं तुमी, मूठ उघडा म्हनते मी. माझा एक दंड वर हुत न्हाई, दुसरा हुतोय.

हां.

वाट त्या खालच्या अंगानं हाय. मागं बगू नका.