मास्तराचा चष्मा माह्या हातात

…नाई, बाकी पाहिजे ते बोला, पन तुमाले हात जोडतो, तेवढं 'काई होत नाई' म्हनू नोका! सकाळपासून गावातले सतरा जन मले तेच सांगून गेले. अजी, मी टिकाराम धुरकरी! बावीस वर्स शंकरपटात लोकाईच्या बैलजोड्या पळवल्या, छकडीवर बसून, शेपट्या मुरगाळत, इकडे लांजी-खैरलांजी, तिकडे पार भंडाऱ्यापावतर… छप्पन साली मधात दोन राज्याईची सरहद्द पडली म्हन्तात, बैलाईले कोन सांगे? आन दर खेपी जोडीचा मालक, आमचा भैयालाल पटेल, सावलीत खुर्ची टाकून, तोंडात पान: "चढ टिकाराम, काई होत नाई!" बराबर हाय! त्याले काई होत नाई! हे चार दात गेले ते माह्ये गेले. हा खांदा दोनदा निखळला. हा पाय पाहा, मी इकडे चाललो का हा तिकडे जाते.

आन पटेलचा तो वजीर… बैल नोहोय तो, तुमाले सांगतो. झेंडी पडाच्या आंदी बाकीचे बैल फुरफुरतात, माती उकरतात. हा चूप उभा राह्यते. कान बी नाई हालवत. असा चूप राह्यला का समजून जाचं. आमच्यातल्या महागू धुरकऱ्याले त्यानंच फेकलं, डोक्यावर. महागू जित्ता हाय, नाई कोन म्हन्ते? पन अजून सोताच्या पोराईले नाव इचारते.

म्हून म्या ठरवलं, माह्यी अंजना धुरकऱ्याच्या घरी द्याची नाई! जलमभर कुकू पुसाच्या धाकात जगाचं पोरीनं? पटाच्या दिवसात पाव्हने येतात, सोयरिकी जुळतात, पाच पोरं पाह्यले. एकाच्या हाताले कासऱ्याचा घट्टा… नापास! एक पोरीकडे कमी आन गोठ्याकडे जास्त पाहे… नापास! मंग आला तेजराम. लांजीच्या शाळेत मास्तर. बोटाईले खडू लागलेला. आन चष्मा! मनात म्हन्लं, टिकाराम, चष्मेवाला धुरकरी पैदा झाला का कदी? दे पोरगी! देली. त्याच साली छकडी सोडली.

मंग आली पहिली दिवाळी. जावई ताटावर रुसते, तुमाले मालूमच हाय. मांगन ते देल्याबिगर घास उचलत नाई, आन सासऱ्यानं नाई म्हन्लं तं सोयऱ्याधायऱ्यात नाक कापल्या जाते. म्या तयारीच ठेवली होती. सायकल! नवी कोरी, हँडलले हार बांधून. म्हन्लं, "मास्तर, मांगा!" मास्तर मान खाली घालून, असे नव्या नवरीवानी लाजून: "मामाजी, सायकल नोको… मले पटात जोडी हाकाले शिकवा." अरे बापा! घास त्याच्या ताटात आन अटकला माह्या गळ्यात! म्हन्लं, "रेडिओ घ्या!" "नोको जी." "गाय घ्या, दुभती हाय!" "नोको जी." तिकडे भात थंडा होऊन राह्यला, आन पंगतीतले पंचवीस सोयरे एका तोंडानं: "द्या ना टिकारामजी, काई होत नाई!" अंजना दाराआडून पाहून राह्यली. मले नाई, त्याले! डोळे असे चमकून राह्यले पोरीचे… मले तवाच भेव वाटलं, खरं सांगतो. "हौ," म्हन्लं. काय करतो?

शिकवलं मंग. म्याच शिकवलं, जी! वाटलं, चार दिवस पडन, गुडघे सोलन, पळून जाईन. पडला बी! उठे, चष्मा पुसे आन इचारे, "मामाजी, चूक कुठं झाली?" वहीत लिहून घे! वहीत! महिन्याभरात असा हाकाले लागला का म्या बावीस वर्सात नाई हाकलं. छाती फुगली माह्यी, अन् त्याच रातीची झोप गेली. पटेलच्या कानावर जाले किती वेळ लागते? आलाच पान चघळत: "मास्तर, आमच्या वजीरले हाका ना एक डाव… काई होत नाई!"

आज तो पट हाय. सकाळी संगं गेलतो मी. वजीर जुपला. चूप. कान बी नाई हालवत. मास्तरनं चष्मा काढून माह्या हातात देला. "धरा मामाजी, फुटन." म्हन्लं, "अहो, मंग तुमाले दिसन कसं?" तं हासते! "पहाचं काय हाय, बैल तं समोरच हायेत!" म्या तशीच पाठ फिरवली. मांगं लोक वरडले, हाऽऽ करून. आता काय समजाचं? जिकला तरी तसेच वरडतात, पडला तरी तसेच. वळून पाहाची हिंमत नाई झाली. दोन कोस लंगडत घरी आलो, हा चष्मा मुठीत धरून… पट तं कवाचा सरला असन. उनं उतरली. सडकेवर कोनी नाई.

तुमी याच्या जरा आंदी, ह्या दोघी मायलेकी ओट्यावर सडकेकडे तोंड करून बसल्या होत्या. मले राहवलं नाई. बायकोले म्हन्लं, "तुळसे, मी पटाले जाओ तवा बी तू अशीच बसत होती का व?"

"नाई जी," म्हन्ते, "तवा मी एकलीच बसत होती."

आन जराशी सरकली, मले बसाले जागा करून देली.