मधल्या कैचीवरचं वजन

"देवराव, वजन अडुसष्ट किलो. बसा," सिस्टर म्हणाली. म्हातारा दवाखान्याच्या बाकावर, तपासणीसाठी थांबलेल्या भीमाबाईच्या शेजारी टेकला. दुसऱ्या बाजूला बसलेल्या त्याच्या लेकीच्या लॅपटॉपवर नव्या खोलीचं छत पेलणाऱ्या त्रिकोणी लोखंडी कैच्यांचं चित्र उभं होतं.

"बाबा, मधल्या कैचीवर बासष्ट किलो वजन दाखवून राहिलं. मी तर टाकलंच नाही."

"मिटव."

"तीनदा मिटवलं. पुन्हा येऊन राहिलं."

"बासष्ट? मंग सुखदेव असन. त्याचं वजन बासष्टच होतं."

"कोन सुखदेव?"

"उतई गावच्या शेडवर कैची चढवताना पडून मेला तो. त्याचा कमरेचा बेल्ट मले तपासाचा होता. मी बिडी पेटवत बसलो."

"कावून असं बोलता, बाबा? ...थांबा. त्याच्या बाजूले अजून एक वजन आलं. अडुसष्ट."

भीमाबाई जराशी दूर सरकली.

"राहू दे, पोरी. आता मिटवू नको."