मुकं झालेलं सात

नाही, थांब दर्शन, दुरुस्त नंतर कर—आधी मला एवढंच सांग, सात कुणी काढलं? हळू बोल, झोपलीय ती. कीबोर्ड तिच्या हाताखालून ओढू नकोस, जागी होईल; तू आपला माउसवरच बघ. हिंदीत बोललास तरी चालेल, तुला मराठी कळतं असं तुझ्या आईनं सांगितलंय. सून चारदीवारीत, जुन्या शहराच्या बाजारात, रजया बघायला गेलीय, म्हणून आत्ता बोलावलं तुला—अमितासमोर मला हे विचारवलं नसतं.

हे बघ, लकव्यानं भागूचा, हिचा, उजवा हात गेला, वाचा गेली. तेव्हा मंगेशनं, आमच्या मुलानं, ही कडेची आकड्यांची बटणं तिच्या डाव्या हाताखाली आणून दिली. एक दाबलं की पडद्यावर उमटतं, पाणी द्या. तीनला, कूस वळवा. आणि नऊला काय, ठाऊक आहे? गप बसा. ते माझ्यासाठी—नऊचा आकडा पुसत आलाय बघ. सातला, अक्काला फोन लावा. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, कराडची. जुन्या मशीनवर सगळी चालायची. हे नवीन खिडक्या-खिडक्यांचं आलं आणि नेमकं सातच मुकं. एकटं सातच कसं रे? मी शिकलेला नाही, पण मला कळतं. अमितानं केलं असेल, नाहीतर मंगेशनं—कारण... अरे, अक्का गेली ना होळीच्या आधी. हिला सांगितलेलं नाही. सांगू नका असं मीच म्हणालो, ते खरं. पण न सांगणं वेगळं, आणि तिच्या तोंडचा शब्द काढून घेणं वेगळं. सात मुकं झाल्यापासून मुलाशी धड बोललो नाही मी.

काय म्हणतोस? कुणीच नाही काढलं? म्हणजे बाहेरची खिडकीच सात आधी पकडते, आतल्या लिहायच्या खिडकीपर्यंत पोचूच देत नाही? नक्की? मंगेशनं पढवून नाही ना पाठवलं तुला? बरं, बरं. सोडव मग तिथून. झालं? दाब बरं एकदा, तिच्या बोटाशेजारून, अलगद.

आलं. अक्काला फोन लावा.

आता उठल्यावर ही दाबेल, आणि मी काय—ते परत बंद करता येतं का रे? नको, नको, असंच विचारलं. तिचं आहे ते, राहू दे. सांगेन काहीतरी. अक्का झोपलीय म्हणेन, फोन बिघडलाय म्हणेन, हिला काय—

हे खाली काय उमटलं? नऊ कशाला दाबलंस? तुझा हात तर माउसवर आहे.

भागू?

दर्शन, तू जा आता, बाळा. दार ओढून घे.