जिते मासे

१९६३ साली मालवणच्या बंदरावर ऐकलं. मुंबईच्या पाहुण्यांना समुद्राचा तळ दाखवायला मच्छीमार गंगारामची होडी निघत होती. एका पाहुणीने पाण्यात बघायचा चष्मा त्याच्या बायकोला, मासे विकणाऱ्या रुक्मिणीला दिला. गंगाराम आडवा आला.

“घरची बायल होडयेत चढली, तर जाळी रिकामी येतत.”

“काल रिकामी इली, तेवा मी बाजारात होतंय!”

“तुका खाली काय बघूचा आसा?”

“जल्मभर मेलेले मासे इकतंय. एकदा जिते बघूचे आसत.”

“होडी माझी. चढूक देवचंय नाय.”

“तुझी होडी तुका ऱ्हवांदे. दर्या काय तुझो नाय.”

कासोटा आवळून, चष्मा लावून रुक्मिणी किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरली. बऱ्याच वेळाने डोकं वर आलं.

“गो, काय दिसला?” गंगारामने होडीतून वाकून विचारलं.

“उतर आणि बघ!”